मांडणीवरची नावं

हिराभाभी गेल्या त्याला दोन महिने होत आले. त्यांच्यावर मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर साडेतीन-चार वर्षं मी या बाईवर मनातून जळत होतो. शेजाऱ्याचा हेवा करावा अशा गोष्टी आमच्या गावात पुष्कळ आहेत. कुणाची केळी चांगली येते, कुणाच्या बोअरला पाणी टिकतं, कुणाचा जावई मोठ्या हुद्द्यावर असतो. माझं तसलं काही नव्हतं. माझी बायको हिराभाभींजवळ हसायची आणि माझ्याजवळ हसायची नाही, एवढंच कारण होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते आतच राहिलं आणि आत राहिलेली गोष्ट जशी वाढते तसं वाढलं.

म्हसावदला आमची घरं एकमेकांना लागून आहेत. मधे छातीएवढी भिंत. हिराभाभी कळसाडीच्या, गुजर घरातल्या. घरात त्यांची बोली गुजराथीकडे झुकणारी, दाराबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी. अंगाने उंच, हाडापेराने मोठ्या; चालताना आधी उजवा खांदा पुढे यायचा आणि मग बाकीच्या हिराभाभी. हात कधी रिकामा नाही. तूर निवडत असतील, शेंगा फोडत असतील, नाहीतर ओच्यात कापसाची वाळकी बोंडं घेऊन त्यातून कापूस ओढत असतील. बोलणं त्या हातांबरोबर चालायचं. शेंग फुटली की वाक्य पुरं. एकदा त्यांच्या तळहाताला जखम झाली होती आणि हाताला पट्टी होती, तेव्हा त्या दोन दिवस जवळजवळ मुक्या होत्या. "हात थांबना का तोंड थांबस," असं त्याच म्हणायच्या.

आमच्याकडे त्या दारातून क्वचित आल्या. भिंतीपाशी उभं राहून "शे का व घरमा?" अशी हाक द्यायची आणि उत्तर यायच्या आत भिंतीच्या टोकाला पडलेल्या खिंडारातून आत यायचं. खिंडार बुजवायचं मी कितीतरी वर्षं मनात घेतलं होतं. हातात नेहमी एखादी वाटी. रिकामं भांडं परत करू नये असा आमच्याकडे रिवाज आहे, त्यामुळे एकदा वाटी भिंतीवरून आली की ती भरून परत जायची, मग पुन्हा भरून यायची. वीस वर्षांत या देवघेवीला शेवट म्हणून आला नाही. मी शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. दिलेली वस्तू परत आली की व्यवहार पूर्ण, हा माझा धर्म. भिंतीवरचा हा व्यवहार मला कधी समजला नाही.

मला त्या 'सर' म्हणायच्या. शिपाई म्हणतो तसं.

विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, झटका आला तो दिवाळीनंतर, सकाळी. चहा गाळत होती. मी पेपर वाचत होतो आणि गाळणी पडल्याचा आवाज आला. नंतर काहीच आवाज आला नाही, म्हणून मी उठलो. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. शहाद्याच्या दवाखान्यात बारा दिवस होतो. घरी आणलं तेव्हा ती धरून उभी राहू शकत होती, पण उजवा हात बाजूला लोंबायचा, आणि तोंडातून एक 'हं' सोडला तर काही निघायचं नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, समजावून सांगायची फार हौस असलेल्या. त्यांनी मला दोनदा सांगितलं. "काका, शरीराचा व्यायाम आणि डोक्याचा व्यायाम वेगळे करू नका. हात उचलताना नावं विचारा. चालताना आकडे म्हणायला लावा. मेंदूला दोन कामं एकदम द्यायची. मात्र त्या पडणार नाहीत हे बघायचं."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आणि घरी येऊन वेळापत्रक केलं: सकाळी आठ ते साडेआठ हात, साडेआठ ते नऊ पाय, संध्याकाळी पाच ते साडेपाच शब्द. एकत्र करा म्हणून सांगितलेली गोष्ट मी व्यवस्थित वेगवेगळ्या खान्यांत घातली. त्यात माझं काही चुकतंय हे मला महिनाभर कळलं नाही.

शब्दांसाठी मी कार्डं केली. ग्रंथालयाच्या कॅटलॉगची कोरी कार्डं निवृत्तीच्या वेळी माझ्याबरोबर आली होती. त्यांवर सुवाच्य अक्षरात एकेक शब्द लिहिला. पाणी. खुर्ची. आरसा. खिडकी. विमल कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. मोठ्या माणसाने दिलेलं न आवडणारं पक्वान्न आहे आणि नाही म्हणता येत नाही, असा तिचा चेहरा व्हायचा. मग डाव्या हाताने कार्ड हलकेच उलटं ठेवायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन आली तेव्हा विमलला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं. मी शिकलेला, ग्रंथपाल, घरात 'शे' आणि 'व्हतं' चालेल कसं? मी तिला वर्षभरात 'आहे' आणि 'होतं' शिकवलं. रागावून नाही, पण शिकवलं. पुढे मुलीसाठी ते बरंच झालं. विमल घरात माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायची आणि भिंतीपाशी गेली की अहिराणी. मला वाटायचं, भिंतीपाशी ती खाली उतरते. आता वाटतं, घरात ती चाळीस वर्षं टाचा उंचावून उभी होती.

हिराभाभी पहिले काही दिवस नुसत्या येऊन बसल्या. मग एके दुपारी त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि मला आतून आवाज ऐकू आला.

"उठ व माय. हाऊ तांब्या काढ खाले. डावा नई, जेवाना हात लाव. मी शे ना धराले."

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीभर लाकडी मांडणी आहे. तिच्यावर लग्नात आलेली भांडी. आमच्या वेळी भांड्यावर देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी कोरून घेत. तांब्या, परात, डबे, पेले, सगळ्यांवर नाव, गाव. विमलने ती भांडी इतकी वर्षं घासली, पालथी केली, पुन्हा लावली. ती नावं मी कधी वाचली नव्हती. घरातला एवढा मजकूर माझ्या नजरेतून सुटला होता.

मी दारात जाऊन पाहिलं. हिराभाभींनी जुन्या लुगड्याचा पट्टा विमलच्या कमरेला बांधला होता आणि त्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं होतं. दुसऱ्या हाताने त्या विमलचा उजवा कोपर खालून तोलत होत्या. विमलची बोटं तांब्याच्या काठावर वळली. तांब्या मांडणीवरून सुटला, डगमगला आणि दोघींच्या मधे खाली आला.

"आते सांग. कोनी दिधा व हाऊ?"

विमल तांब्याकडे बघत राहिली. कपाळाला घाम आला होता.

"फु," ती म्हणाली. आणि मग, "फुई."

पाच आठवड्यांनी निघालेला पहिला शब्द. आत्या नव्हे, फुई. माझ्या एकाही कार्डावर तो नव्हता.

हिराभाभी वळल्या आणि त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला. "वाचा बरं सर, खरं सांगी ऱ्हायनी का लबाडी करी ऱ्हायनी? मन्हा चष्मा घर ऱ्हायी गया."

मी वाचलं. विमलच्या आत्याचं नाव होतं, खाली गाव. "बरोबर," मी म्हणालो.

आनंद झाला होता. पण त्या आनंदाच्या मागे लगेच, लाज वाटावी अशा वेगाने, दुसरं काहीतरी आलं. तो शब्द मी काढायला हवा होता. कार्डं मी केली होती, रात्रंदिवस मी होतो, तिचे पाय मी चोळत होतो. आणि शब्द मात्र पलीकडच्या घरी जाऊन उतरला.

त्या दिवसापासून रोज दुपारी मांडणीचा कार्यक्रम सुरू झाला. भांडं उजव्या हाताने काढायचं, देणाऱ्याचं नाव सांगायचं, मग त्या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगत ते ओट्यापर्यंत चालत न्यायचं. परात थोरल्या मामांची. मामा लग्नात जेवणावरून रुसले होते. पोळ्यांचा डबा पुरुषोत्तमनगरच्या मावसबहिणीचा. तिचा नवरा साखर कारखान्यात होता आणि लग्नाला येताना त्यांची गाडी बंद पडली होती. हे सगळं एका दिवसात आलं नाही. आधी नुसतं 'मामा'. आठवड्याने 'मामा रुसना'. आणखी काही दिवसांनी, ओट्यापाशी पोचता पोचता, "भात... कच्चा... व्हता!" आणि दोघी इतक्या हसल्या की पट्टा सुटेल म्हणून मी धावलो.

"पाय चालना का डोकं चालस, सर," हिराभाभी म्हणाल्या. "बठेल माणूसले काय याद येई?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं माझ्या वहीत होतं तेच. हिराभाभींनी ती वही पाहिलेली नव्हती.

माझं काम एकच होतं. चष्मा रोजच घरी राहायचा. म्हणून भांडं रोज माझ्याकडे यायचं आणि मी कोरलेलं वाचून 'बरोबर' म्हणायचं. एवढी हुशार बाई आणि साधा चष्मा आणायची आठवण राहत नाही, याचा मला मनात थोडा आधारच वाटायचा.

एकदा हिराभाभी कळसाडीला गेल्या होत्या. मी ठरवलं, आज आपण. मी स्वतः विमलला मांडणीपाशी नेलं, पट्टा बांधला, पेला दाखवला आणि म्हणालो, "हा कुणी दिला?" तिने पेल्याकडे पाहिलं. तिला आठवत होतं. मला दिसत होतं की आठवतंय. पण माझ्या तोंडचा तो 'कुणी दिला' ऐकून तिने जणू आधी पदर सावरला, मग भाषा सावरायला गेली आणि त्या सावरण्यात पेला हातून निसटला.

"राहू द्या," ती म्हणाली. दोनच शब्द, शुद्ध मराठी, अगदी स्पष्ट. माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

यानंतर मी जे केलं ते लिहायला अवघड जातं. हिराभाभी परतल्यावर मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी दुपारी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, कुणी येऊ नये. खोटं होतं. हातातल्या शेंगेचं टरफल त्यांनी उगाच चोळून बारीक केलं. "डॉक्टरनी सांगं तर ठीक शे," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. मी पुस्तक उघडलं. एवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"विमल! घंगाळ कोनी दिधं व?"

विमल खाटेवर पडली होती. तिने मान उचलली. मी वाचत असल्यासारखं केलं. ती उठली, काठी घेतली, दाराची चौकट धरली, ओसरीची एक पायरी उतरली. मला जाऊन तिला धरायचं होतं, पण मी उठलो तर ती थांबेल हे मला कसं कोण जाणे कळलं. तिने अंगण पार केलं. मी पावलं मोजली. अकरा. भिंतीवर दोन्ही हात ठेवून, उजवासुद्धा, तिने उत्तर दिलं. पलीकडून वाटी आली. विमल ती उजव्या हातात धरून परत निघाली आणि अर्धं वरण अंगणात सांडत घरी आली.

तोवर ती एकटी कधी चार पावलांहून जास्त चालली नव्हती. माझ्या मनाईने ती अकरा चालली. आठ दिवस मी हा खेळ बघितला. नवव्या दिवशी मीच भिंतीपाशी जाऊन म्हणालो, "डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे."

"भला डॉक्टर शे तुमना," हिराभाभी म्हणाल्या. तोंडावर हसू नव्हतं. पण शेंगा भराभर फुटत होत्या.

मग शहाद्याला तपासणीची तारीख आली. डॉक्टरीणबाई विमलला चालताना पाहून खूष झाल्या. त्यांनी विचारलं तेवढं विमलने सांगितलं. गाव, महिना, मुलीचं नाव, नातवाचं नाव. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि हे कोण?" विमल हसली. "यांचं नाव काय?"

विमल गप्प. खाली बघून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आठवून बघा हं आजी. घाई नाही."

गप्प. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अक्षरं वाचत आलोय. उलटं लिहिलेलं मला वाचता येतं. 'पतीचे नाव – सांगता आले नाही.'

एसटीत परत येताना विमल खिडकीशी बसली होती, रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत. मी तिच्या शेजारी. चाळीस वर्षांतलं सगळं परत येत होतं, फुई, मामा, कच्चा भात, बंद पडलेली गाडी. त्या सगळ्यांतून एक मीच वाहून गेलो होतो. घरी आल्यावर मी झटक्यावरची दोन पुस्तकं पुन्हा वाचली. नावं कशी हरवतात, कोणत्या भागाला इजा झाली की काय जातं, सगळं वाचलं. एक कार्ड केलं. 'मुरलीधर.' ते तिला दाखवायची हिंमत झाली नाही. गीतेच्या प्रतीत ठेवून दिलं.

काय झालं म्हणून तिने मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? काहीच नाही. मी आतल्या आत कुढत राहिलो. भिंतीकडून मला ऐकू यायचं, "भुरीनी दूध दिधं का?" विमल विचारायची. भुरी ही हिराभाभींची म्हैस. म्हशीचं नाव तिला येत होतं.

एका दुपारी विमल झोपली होती आणि हिराभाभी ओसरीवर तूर निवडत होत्या. मी म्हणालो, "भाभी, तिला तुमच्या म्हशीचं नाव आठवतं. माझं आठवत नाही."

"कोनी सांगं?"

मी शहाद्याची हकिकत सांगितली. कागदावर लिहिलेलं सांगितलं. हिराभाभींचा हात सुपात थांबला. मग त्या हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, झोपलेली विमल उठू नये म्हणून आवाज दाबत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता.

"सर, सर! इतला पुस्तकं वाचात नं तुम्ही? ती कशी लेई तुमनं नाव? मी तरी मन्हा घरवाळानं कधी लिधं का? मतदानले गऊ तई बी नई लिधं, कागद दखाडी दिना!"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"चाळीस वरीसमा एक डाव तरी लिधं का तिनी? आजारी व्हयनी म्हणीसन लेई का?"

घेतलं नव्हतं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं असेल. त्या गोंगाटात मला ऐकू आलं नव्हतं. पुढे मी 'अहो' होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या कुठल्याही बाईबद्दल कुणी विचारलं असतं तर मीच हा रिवाज समजावून सांगितला असता. पण स्वतःच्या बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ मी मेंदूच्या पुस्तकात शोधत होतो.

माझी खात्री पटली नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. विमल उठल्यावर त्यांनी तिला मांडणीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, आज सगळ्यात वरचा. सगळ्यात वर एक पितळेचा गडू आहे. तो लग्नातला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पगारातून मी शहाद्याहून घेतला होता आणि त्यावर दोघांचं नाव कोरून घेतलं होतं. 'सौ. विमल मुरलीधर पाटील.' तिथवर हात न्यायचा म्हणजे खांदा पूर्ण उचलायला हवा. विमलचा हात थरथरत वर गेला, दोनदा खाली आला, तिसऱ्यांदा बोटं गडूला लागली. गडू खाली आला.

"कोनी दिधा?"

विमलने गडू पोटाशी धरला. मी दाराआड होतो, तिला ठाऊक होतं. तिने पदर डोक्यावर ओढला, डाव्या नाही, उजव्या हाताने. आणि थांबली. ओठ मिटून, थोडीशी हसत, चांगली मिनिटभर थांबली.

हिराभाभी दारात माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दखं का? इसरेल माणूस चुकस. काही बी सांगस. हाई थांबनी."

माझं ओझं उतरायला हवं होतं, उतरलंही. पण हेवा गेला नाही. उलट त्याला आता कारण मिळालं. माझ्या बायकोचं मौन माझ्या समोर होतं आणि ते वाचून दाखवायला मला शेजारीण लागली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनीच असेल, मी औषधं आणायला शहाद्याला गेलो होतो. परतलो तर घर उघडं, काठी जागेवर नाही. गल्लीतल्या एकाने सांगितलं, हिराभाभींच्या शेताकडे दोघी जाताना दिसल्या. शेत गावालगतच आहे, पण विमलसाठी ते अंतर म्हणजे परगाव. धावत गेलो. कापूस फुटला होता. बांधाजवळच्या पहिल्या ओळीत विमल उभी होती, कमरेला पट्टा, पट्ट्याचं टोक हिराभाभींच्या मुठीत. उजव्या हाताच्या तीन बोटांनी ती बोंडातून कापूस ओढत होती आणि तिचे ओठ हलत होते. हिराभाभी वाकून, कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होत्या. मग दोघी हसल्या. मी बांधावर पोचलो तशा दोघी एकदम गप्प झाल्या.

मी हिराभाभींना खूप बोललो. पडली असती तर? जबाबदारी कुणाची? विमलने ओंजळभर कापूस माझ्या हातात दिला, आणि आम्ही तिघं सावकाश घरी आलो. काय बोलत होत्या ते मी विचारलं नाही. पण त्या गप्प होण्याचा काटा माझ्या मनात राहिला.

विमल त्यानंतर तीन वर्षं होती. काठीने गल्लीच्या टोकापर्यंत जायची. स्वयंपाकघरात बसून भाकरी थापायची, एका बाजूने जाड. घरात आता अहिराणी चालायची. मीही बोलायला लागलो, वाईट बोलायचो, त्याला ती हसायची. पहिल्यांदा माझ्यामुळे हसू लागली ती अशी. मला तिने कधी नावाने हाक मारली नाही, आणि मीही तिला नाही. 'विमल' हे नाव मी इथे लिहितोय तितक्या वेळा मी तिच्यासमोर एकदाही उच्चारलं नाही. दुसरा झटका आला तेव्हा काही करायला वेळच मिळाला नाही. तेराव्याला हिराभाभींनी आमची मांडणी उतरवली, प्रत्येक भांडं घासलं आणि होतं त्याच जागी परत लावलं. कुणाशी बोलल्या नाहीत. हात मात्र चालू होते.

वर्षभराने त्या स्वतः आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, उशिरा कळलेलं. मी खिंडारातून त्यांच्याकडे जायला लागलो, वाटी घेऊन. शेवटचा गेलो ती सकाळ होती. अंगणात सावलीला खाट टाकली होती. त्या फार वाळल्या होत्या. उशाशी सूप होतं, त्यात मूठभर तूर, हातांना चाळा म्हणून. सूनबाई औषधाची पट्टी घेऊन आली, सकाळची गोळी हीच का म्हणून विचारू लागली. हिराभाभींनी पट्टी घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि बारीक अक्षरांतलं नाव घडाघडा वाचलं.

"भाभी," मी म्हणालो, "चष्मा?"

"कोनता चष्मा, सर?"

मी सूनबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. "आईंना कधीच नव्हता हो चष्मा."

हिराभाभी तुरीत बोटं फिरवत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दारमा उभा ऱ्हायेत. नुसतं उभं ऱ्हाईसन माणूस काय करी? म्हटलं, वाचाले लावूत."

सूनबाई आत गेली. हिराभाभींनी मला दिलेलं माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि मी त्यांच्याकडून आणखी काहीतरी मागायला तोंड उघडलं. हेवा माणसाला इतका निलाजरा करतो.

"भाभी, तिने कधी... माझं नाव?"

"एक डाव लिधं व्हतं."

"कुठे?"

"वावरमा. तुम्ही बांधवर उनात त्याना पहिले. मीच म्हटलं, आते कोनी ऐकत नई, एक डाव सांगी टाक."

"कसं घेतलं? पूर्ण घेतलं? जड गेलं का तिला?"

हिराभाभींचा हात तुरीत थांबला. चेहऱ्यावर दुखणं होतं, पण त्याच्यावरून एक जुनं, खट्याळ काहीतरी सरकून गेलं.

"ते मन्हं शे, सर. तुमले सगळंच पाहिजे का?"

मग डोळे मिटून म्हणाल्या, "जा आते. माले झोप येस."

मी उठलो. वाटी घेतली, तिच्यात सूनबाईने मूठभर शेंगा घातल्या होत्या. अंगणात दोनेक पावलं टाकली असतील, मागून आवाज आला. बारीक झाला होता, पण सूर तोच.

"चालता चालता सांगा, सर. तांब्या कोनी दिधा?"

"फुईनी," मी वळून म्हणालो.

"थांबू नका. चाला. परात?"

"मामानी. रुसेल मामानी."

"डबा?"

"पुरुषोत्तमनगरनी मावसबहीण." माझं अहिराणी चुकत होतं, पाय चालत होते. घंगाळ सांगितलं, पेला सांगितला. तोपर्यंत मी भिंतीच्या खिंडाराशी आलो होतो.

"अन् वरना गडू? कोना शे तो?"

मी एक पाय त्यांच्या अंगणात आणि एक आमच्या अंगणात असा उभा राहिलो. नाव जिभेवर होतं. सोपं, तीन अक्षरांचं, चाळीस वर्षांचं. हातातली वाटी मी घट्ट धरली. ओठ उघडले आणि मिटले. मी मागे वळून पाहिलं नाही.

मागे खाटेवर सूप हललं, तुरीचे दाणे सरकल्याचा आवाज आला.

"बरोबर," हिराभाभी म्हणाल्या.